काकी दिवसभर सांभाळतात, त्याचे किती?

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात कुठल्याही काकींनी पाळणाघराची फी पाचशे रुपयांनी वाढवली की आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सुरू होतं. परवडत नाही गं, गेल्या जूनमध्येच तर वाढवली होती, दुसरी कोण आहे का ओळखीची, शांतीनगरला कोणीतरी कमीत घेते म्हणे. हे वाचताना मला मनापासून त्रास होतो. आम्हा नोकरीवाल्या बायकांचा अख्खा दिवस ज्या बाईच्या जिवावर उभा आहे तिच्याच पाचशे रुपयांवर एवढी घासाघीस, आणि ती करणाऱ्या आपण सगळ्याजणी चांगल्या घरच्या, समजूतदार, स्वतःच्या ऑफिसात इन्क्रिमेंट मिळालं नाही म्हणून चार दिवस धुसफुसणाऱ्या. म्हणून हे एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

माझं मत सरळ आहे. घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांना कामाचे पुरेसे पैसे मिळत नाहीत, आणि जे मिळतात ते त्यांच्या कामाकडे बघून ठरलेलेच नसतात.

मग कशाकडे बघून ठरतात? तर आईच्या पगाराकडे. तुम्ही आठवून बघा, घरात हे बोलणं कसं होतं ते. "तुझा पगार बावीस हजार, त्यातले पाच तिला गेले, बसचे आणि बाहेरच्या खाण्याचे तीन धर, मग हातात उरलं काय? त्यापेक्षा घरीच बस." हे वाक्य सासूच्या तोंडून येतं, नवऱ्याच्या तोंडून येतं, कधीकधी आपल्या स्वतःच्या आईच्याही. फ्लॅटचा हप्ता दोघांचा, गाडीचा हप्ता दोघांचा, मूलही दोघांचंच, पण पाळणाघराचे पैसे तेवढे आईच्या पगारातून वजा होतात, बापाच्या पगारातून पाळणाघर वजा करून "मग तुझ्या नोकरीचा काय उपयोग" असं कुणी विचारल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. आता याचा काकींच्या फीवर काय परिणाम होतो बघा. आईचा पगार मुळात कमी. त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापलीकडे फी गेली की आई नोकरी सोडते, म्हणजे मूल जातं, म्हणजे काकींचं गिऱ्हाईक जातं. हे काकींना माहीत असतं. म्हणून त्या आपली किंमत आपणच खाली ठेवतात. एका बाईचा कमी पगार दुसरीच्या त्याहून कमी कमाईवर टेकलेला आहे, आणि बाकी सगळे बाजूला उभे राहून म्हणतात, आम्ही काय करणार, बाजारभावच तसा आहे.

आमच्या काकींचं काम मी जवळून बघते. तळमजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या दाराला आडवी प्लायवूडची फळी, रांगणाऱ्याला ओलांडता येणार नाही इतकी उंच. पहिलं मूल पावणेआठला येतं, ते माझं, कारण मला पणजीची बस पकडायची असते. पाठोपाठ दोन येतात, चौथी बालवाडी सुटल्यावर रिक्षानं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात गॅसवर तेल चढवायचं नाही हा काकींचा नियम आहे. म्हणजे काकांचं तळलेलं मासळीचं तुकडं एक तर पहाटे होतं नाही तर रात्री, मधल्या वेळात घरात कोण पाहुणा आला तरी भजी होणार नाहीत. अंघोळ पहाटे पाचला, कारण नंतर मुलांना सोडून न्हाणीघरात शिरता येत नाही. हा नियम त्यांना कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेला नाही, कुठल्या इन्स्पेक्टरनं तपासलेला नाही, त्यांनी स्वतः ठरवला आणि पाळला.

दुपारची झोप हे तर वेगळंच प्रकरण. एकाला पंख्याचा आवाज लागतो, दुसऱ्याला पंखा सोसत नाही, म्हणून तो दाराजवळच्या गादीवर. एक पोरगी झोपताना काकींच्या कानाची पाळी चिमटीत धरते, त्याशिवाय तिचा डोळाच लागत नाही, मग काकी तिच्या बाजूला आडव्या होतात आणि ती चिमूट सैल पडेपर्यंत हलत नाहीत, मग बाहेर पाऊस येवो, दोरीवरचे कपडे भिजोत. ती उठते तेव्हा पहिलं उठलेलं असतं. चार मुलांची दुपारची झोप एका वेळी कधी होत नाही, त्यामुळे काकींना दुपार नसते. नाचण्याचं तिझाण चौघांसाठी चार वेळा गरम होतं, कारण भूक चौघांना एकदम लागत नाही.

संध्याकाळी मूल हातात देताना त्या दोन वाक्यांत दिवस सांगतात. "आयज ताणें दूद घेवंक ना, सांजचें दी." किंवा शी कशी झाली, कुठे खरचटलं, कुणाशी भांडला. गेल्या पावसाळ्यात एकदा म्हणाल्या, हा उजवा कान सारखा गादीवर घासतोय, डॉक्टरला दाखव. ताप नव्हता, रडणं नव्हतं, मला घरी काही दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं तर कानात इन्फेक्शनची सुरुवात. हे जे बघणं आहे ना, चार मुलांच्या गदारोळात एकाचा कान दिसणं, याला कौशल्य म्हणतात. ऑफिसात आमच्याकडे एवढ्या बारकाईनं काम करणाऱ्या माणसाला टीम लीड करतात.

आता पैशाचं बोलू. समजा चार मुलं, प्रत्येकी साडेचार हजार, म्हणजे अठरा हजार. ऐकायला बरं वाटतं. यातून दूध, फळं, नाचणी, गॅस, दिवसभर चालणारे पंखे, फिनेल, धुण्याची पावडर आणि फुटलेलं-तुटलेलं मिळून तीन हजार काढा, तेही मी कमीच धरलेत. उरले पंधरा हजार. दिवसाचे दहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, अडीचशे तास. तासाला साठ रुपये. चार मुलांचे मिळून साठ, म्हणजे एका मुलाचे तासाला पंधरा. मुलं गेल्यावर फरशी पुसणं, चादरी धुणं, खेळणी उचलणं यात जो आणखी तास जातो तो यात धरलेलाच नाही. आणि हा झाला भरलेला महिना. मे महिन्यात मूल आजोळी गेलं की फी बंद, "येणारच नाही तर पैसे कसले", चतुर्थीत पाच दिवस बंद की त्या पाच दिवसांचे कापून घेतले जातात. दोन मुलं मे महिन्यात नसली की पंधरा हजारांचे सहा-सात हजार होतात. घर तेच, खर्च जवळपास तोच, उरलेल्या दोघांसाठी दहा तास बांधून राहणंही तेच.

मग जास्त कमवायचा एकच रस्ता उरतो, जास्त मुलं घ्या. काही ठिकाणी आठ-दहा मुलं एका बाईकडे असतात ती याचमुळे, आणि तिथे फी कमी म्हणून आपण तिकडे वळतो. त्या बाईला मी नावं ठेवणार नाही. पण हिशोब उघड आहे, कमी फीची किंमत मूल भरतं. दहा मुलांत कान घासणारं एक दिसत नाही, दिसणं शक्यच नाही. आणि कानाची पाळी धरून झोपायचं असेल तर तिथे रांग लागेल.

या विषयावर बोलायला लागलं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, ती तर घरीच असते. असते ना घरीच, पण घरी असणं आणि मोकळं असणं यात फरक आहे, काकींना भावाच्या घरच्या बारशाला जायचं तरी आम्हा चौघींना आठवडा आधी विचारावं लागतं. आणि ही समजूत येते कुठून तेही आपल्याला माहीत आहे. सरकारच्याच २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेप्रमाणे घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. जे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट होत आलं त्याला पैसे द्यायची वेळ आली की मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि मग पाच हजारसुद्धा पुष्कळ वाटतात.

दुसरी गोष्ट जरा नाजूक. "माया पैशात मोजता येत नाही." ग्रुपवर कुणी हे लिहिलं की खाली दहा हार्ट येतात. मी काकींच्या मायेबद्दल कमी बोलत नाहीये, माझं पोर शनिवारी संध्याकाळी तिथून निघताना रडतं, याहून मोठा दाखला काय द्यायचा. पण हे वाक्य नेहमी पैसे देणारी बाजूच बोलते. मुलांच्या डॉक्टरांना आपण असं म्हणत नाही, त्यांना माया नसते का? माया काकी आपण होऊन देतात, ती आपण विकत घेतलेली नाही, बरोबर. आपण विकत घेतो ते त्यांचे दहा तास, त्यांची जबाबदारी, त्यांचं घर, त्यांची पाठ. पन्नाशीच्या बाईनं दिवसातून शंभरदा खाली वाकून बारा किलोचं पोर उचलणं म्हणजे काय ते एकदा करून बघावं. त्याचा दर ठरवता येतो आणि ठरवायला हवा.

आणि आपल्याकडे पैसे नाहीतच असंही नाही. पणजी-पर्वरीकडे किंवा अगदी आमच्या फोंड्यातही प्लेस्कूलची फी लोक मुकाट भरतात. तीन तास, रंगीत भिंती, युनिफॉर्म, वार्षिक स्नेहसंमेलनाचे वेगळे, ड्रेसचे वेगळे. तिथे कुणी म्हणत नाही की पाचशे कमी करा. पावती असते, बोर्ड असतो, इंग्रजीत प्रोग्रेस कार्ड असतं. आणि तिथून बाराला सुटलेलं मूल उरलेले सहा तास जिच्याकडे जातं तिच्या पैशात मात्र काटकसर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलंय की मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग त्या सहा वर्षांत जागेपणीचे सगळ्यात जास्त तास मूल ज्या बाईसोबत असतं ती या सगळ्या चर्चेत कुठे आहे?

सरकारकडे बघावं तर तिथेही हात आखडताच आहे. केंद्राची पाळणा योजना आहे, मिशन शक्तीखाली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. कल्पना चांगली, मी तिच्या बाजूनंच आहे. पण पाळणाघर महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास चालवायचं, पंचवीसपर्यंत मुलं, आणि सेविकेला मानधन ५,५०० रुपये, मदतनीस बाईला ३,०००. भागाकार करा, सेविकेला तासाला अठ्ठावीस रुपये, मदतनीसला पंधरा. राज्यानं वर भर घातली तर ती वेगळी, पण मुळात देशानं या कामाला लावलेली किंमत ही. वर त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. सरकारनंच एवढं ठरवल्यावर गल्लीतल्या काकींनी सहा हजार मागायचे कुठल्या तोंडानं?

कायद्याचंही तसंच. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा (आता त्यातल्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत), २०१७ मध्ये त्यात सुधारणा झाली, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आली आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन यायची मुभासुद्धा. वेर्णा-कुंडईच्या मोठ्या फॅक्टऱ्यांना हे लागू होतं. पण बाजारातलं कपड्यांचं दुकान, डॉक्टरचं क्लिनिक, सीएचं ऑफिस, ट्रॅव्हल एजन्सी, छोटं हॉटेल, गोव्यात किती बायका अशाच ठिकाणी काम करतात, तिथे पन्नास माणसं कधी होणार? सव्वीस आठवडे संपले की मूल जेमतेम सहा महिन्यांचं, आणि ते जातं कुणाकडे, तर काकींकडेच. मालकांची आणि सरकारची राहिलेली जबाबदारी या बाईनं गुपचूप उचललेली आहे आणि तिचं बिल कुणी तिच्या नावानं भरत नाही.

माझी एक मैत्रीण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली, तिथे गोंयकार खूप. तिकडे घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला चाइल्डमाइंडर म्हणतात, तिची सरकारी नोंदणी असते, घराची तपासणी होते, एका बाईकडे आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं आणि त्यातली शाळेआधीच्या वयाची तीनच. दर तासावर, उशीर झाला तर वेगळे पैसे, सुट्टीचं काय ते आधी कागदावर. मैत्रीण सांगत होती तेव्हा मला वाटलं, सुटला की प्रश्न. पण तिथेही अशा बायकांची संख्या दहा-पंधरा वर्षांत निम्म्याहून खाली आली आहे, कारण कागदपत्रं वाढली आणि सरकार पालकांना मूल सांभाळायचे जे मोफत तास देतं त्यांचे सरकारकडून मिळणारे पैसे पुरत नाहीत असं त्या म्हणतात. म्हणजे नुसती नोंदणी करून होत नाही, मागोमाग पैसा यावा लागतो. आपल्याकडे उद्या कुणी नुसतेच नियम आणले तर पहिल्यांदा बंद पडतील त्या आमच्या काकीच.

काकींच्या म्हातारपणाचा विचार केला की मला जास्त वाईट वाटतं. सरकारी कागदावर त्या गृहिणी. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना दीड हजार येतात तेही गृहिणी म्हणून, आणि पाळणाघर चालवते असं कुठे लिहून दिलं तर ते बंद होतील अशी भीती त्यांच्या मनात आहे, त्यामुळे पावतीचं नाव काढलं की विषय बदलतात. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन योजना आली, साठीनंतर महिना ३,००० पेन्शन, पण त्यात शिरायचं वय १८ ते ४०. आता हे काम बायका सुरू कधी करतात? स्वतःची मुलं मोठी झाल्यावर, चाळिशी उलटून. म्हणजे ज्यांनी आयुष्याची शेवटची कमावती वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांत घातली त्यांच्यासाठी ते दार आधीच बंद. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. गुडघे गेले की काम गेलं.

हे सगळं आयांवर ढकलून मला मोकळं व्हायचं नाहीये. माझ्याबरोबर मूल सोडणारी एकजण खासगी हॉस्पिटलात कंत्राटी नर्स आहे. दुसरीचा नवरा तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर, सासू-सासरे नाहीत, तिच्यासाठी काकी म्हणजे घरातलं दुसरं मोठं माणूस. तिसरी मार्केटमधल्या दुकानात सेल्सगर्ल, तेरा हजार पगार. हिला "काकींना सात हजार दे" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आई आणि काकी या दोघींना समोरासमोर उभं करून भांडायला लावलं की बाकीचे सुटतात, हे माझ्या हळूहळू लक्षात आलंय.

तरी आमच्या चार घरांना जे जमण्यासारखं होतं ते यंदा बसून कागदावर लिहिलं. फी बाराही महिने, मूल आजोळी असो नाही तर तापानं घरी असो. संध्याकाळी सहानंतर अर्ध्या तासाला वेगळे पैसे, पणजीहून येताना बाणस्तारीला ट्रॅफिक लागलं तो काकींचा दोष नाही. चतुर्थीचे पाच दिवस आणि वर्षाला आणखी दोन आठवडे काकींची भरपगारी रजा, तेव्हा आम्ही आपापसात पाळी लावून घ्यायची. चतुर्थीआधी एका महिन्याची फी बोनस. आणि फी साडेचारवरून सहा हजार. आमच्या घरातून ती आता नवऱ्याच्या खात्यातून जाते, त्याला सगळा हिशोब मांडून दाखवल्यावर तोच म्हणाला. काकींना हे वाचून दाखवलं तर पहिली प्रतिक्रिया, "इतकें कित्याक गे?", एवढे कशाला गं? मग रजेच्या ओळीवर थांबल्या आणि ती परत वाचायला लावली.

अडलंय ते दुकानातल्या मैत्रिणीपाशी. तिला सहा हजार शक्य नाहीत. काकी म्हणाल्या, तिचे आहेत तेवढेच राहू देत. आम्ही तिघींनी फरक वाटून घेतो म्हटलं तर ती दुखावली, मला कुणाचं दान नको म्हणाली, आणि मला तिचं पटतं. हे पैसे तिचे नाहीत, आमचेही नाहीत, ते तिच्या दुकानमालकाकडून आणि सरकारकडून यायला हवेत. पुढच्या महिन्यात नगरसेवकांना भेटायचं ठरलंय, वॉर्डातली अंगणवाडी संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवा आणि तिथल्या बाईला मानधन नको, पूर्ण पगार द्या, ही मागणी घेऊन. ग्रुपवर टाकलंय, बघू किती जणी येतात. तोवर तिच्या फीतले दर महिन्याचे ते दीड हजार काकीच भरतायत.